खोल्या भाड्याने देणे आहे : किर्लोस्करवाडी ते चाकण, कामगाराच्या निवाऱ्याचा एक इतिहास

चाकणहून तळेगावकडे निघाले की खराबवाडी, महाळुंगे, खालुंब्रे ही गावे लागतात. रस्त्याच्या कडेच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर, चहाच्या टपरीच्या पत्र्यावर एकच मजकूर पुन्हा पुन्हा भेटतो : 'खोल्या भाड्याने देणे आहे'. आमच्यातील भाषेचे शिक्षक पहिल्यांदा तो वाचून थबकले ते व्याकरणासाठी. 'खोल्या' अनेकवचनी आणि 'आहे' एकवचनी, हे त्यांना खटकले. आम्हांस मात्र त्या अनेकवचनानेच अडवून धरले. इथे कोणी 'घर' भाड्याने देत नाही. 'खोली'ही एकटी मिळत नाही. खोल्या असतात, आणि त्या ओळीने असतात.

प्रस्तुत लेखाचा विषय या ओळी आहेत. ग्रामीण भागात कारखाना आला, तिथे कामाला माणसे आली, तर त्यांनी राहायचे कोठे आणि त्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली. कधी ती जबाबदारी कारखानदाराने घेतली, कधी सरकारने, कधी खास त्यासाठी नेमलेल्या प्राधिकरणाने. चाकणला ती यांपैकी कोणीच घेतली नाही. ती येऊन पडली ज्याची जमीन कारखान्यासाठी गेली होती त्या शेतकऱ्यावर. हे कसे घडले याचा माग आम्ही येथे घेऊ इच्छितो. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय का, याचे उत्तर ओघात येईल.

उद्योगाबरोबर घर

आरंभ १९१० पासून करू. बेळगावहून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल गावाजवळची माळरानाची जमीन दिली. त्या माळावर निवडुंग होते, साप होते, घरे नव्हती. त्यामुळे यंत्रशाळा उभारणे आणि माणसांना राहण्याजोगी वस्ती उभारणे ही दोन वेगळी कामे मानण्याची सोयच नव्हती. किर्लोस्करवाडी हे नावच पाहावे. कारखान्याला वाडीचे नाव मिळाले, कारण कामगाराचे घर हा कारखान्याचाच भाग होता. याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले आणि पुढे 'स्त्री' व 'मनोहर' या मासिकांची भर पडली. मराठी मध्यमवर्गाची अभिरुची घडवणारी ही मासिके एका माळावरच्या कामगार वसाहतीतून येत होती, याची आठवण वाङ्मयेतिहासात क्वचितच ठेवली जाते.

१९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले, तेही याच धर्तीवर. मात्र साखर कारखान्यांच्या परिसरात या व्यवस्थेची दुसरी बाजूही दिसू लागली. कारखान्याच्या आत काम करणाऱ्या कायम कामगाराला वसाहतीत घर मिळे. पण ज्याच्या कोयत्याशिवाय गाळप सुरू होत नाही त्या ऊसतोड कामगाराला मिळे ती फडाच्या कडेला उभारायची कोपी. बांबू, पाचट, चटया, आणि अलीकडे प्लॅस्टिकचा कागद. हंगाम संपला की कोपी मोडायची आणि बीडकडची वाट धरायची. एकाच उद्योगात दोन प्रकारची माणसे आणि दोन प्रकारचे निवारे ही विभागणी तेव्हापासूनची आहे. पुढे चाकणला ती पुन्हा भेटणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

मालकाने दिलेल्या घराचा एक दोषही सांगायला हवा. ते घर नोकरीला बांधलेले असते. नोकरी सुटली की छप्पर सुटते. संपाला उभे राहायचे तर आधी चूल कोठे हलवायची याचा विचार करावा लागतो. इंग्लंडमधील शेतमजुरांना जमीनदाराच्या खोपटात राहताना हाच जाच शतकानुशतके सोसावा लागला. तेथील संसदेने १९७६ साली कायदा करून त्यांना संरक्षण दिले. तेव्हा किर्लोस्करवाडीचे उदाहरण आम्ही आदर्श म्हणून पुढे करीत नाही. त्या काळी कारखानदाराला निवाऱ्याचा प्रश्न टाळता आला नाही, एवढेच आम्हांस म्हणायचे आहे.

सरकारचे घर

सरकार या क्षेत्रात उतरले ते मुंबईत. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी उभारल्या. बीडीडी चाळी म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या याच. तीन मजली सिमेंटच्या इमारती, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली. पुढे १९२९ ते १९३१ या काळात व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने भारतातील कामगारांच्या स्थितीची पाहणी केली. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. कामगारांच्या निवाऱ्याची दुरवस्था आयोगाने विस्ताराने मांडली.

यानंतर १९३३ साली झालेली एक कायदेदुरुस्ती आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे; पण आमच्या विषयाच्या दृष्टीने ती कळीची आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात बदल करून असे ठरवण्यात आले की, किमान शंभर कामगार असलेल्या उद्योगाला कामगारांची राहती घरे बांधण्यासाठी म्हणून सरकारकरवी जमीन संपादित करून घेता येईल. म्हणजे खाजगी उद्योगासाठी शेतकऱ्याची जमीन सक्तीने घेण्याला जी मोजकी कारणे पुरेशी मानली गेली, त्यांत कामगाराचे घर हे एक होते. नफ्यासाठी जमीन मागणाऱ्याला नैतिक आधार लागतो, आणि तो आधार वसाहतकालीन कायद्याला कामगाराच्या घरात सापडला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

स्वातंत्र्यानंतर हा विचार काही काळ जोमाने पुढे गेला. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळ्यांवर कामगारांना घरे पुरवणे बंधनकारक केले. मळा रानात असतो, तेथे भाड्याने खोली देणारा कोणी नसतो, हा त्यामागचा विचार. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहनिर्माणाची योजना आणली. मात्र १९४८ च्या कारखाने अधिनियमात घर नव्हते. अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उपाहारगृह हवे, दीडशेहून अधिक असतील तर विश्रांतिगृह हवे, हे सारे त्यात होते. कामगार पाळी संपवून फाटकाबाहेर पडल्यानंतर कोठे जातो, हे विचारण्याची जबाबदारी मात्र कायद्याने कारखान्यावर टाकली नाही. कारखाना शहरात असतो आणि शहरात घरे असतात, असे बहुधा गृहीत धरले गेले असावे.

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्या वेळी पिंपरी हे खेडेच होते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी एका अंगाला, शेती दुसऱ्या अंगाला. सार्वजनिक क्षेत्रातील या कंपनीने आपल्याबरोबर वसाहतही आणली : क्वार्टर, शाळा, मैदान, झाडी. गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे पुढच्या म्हाडाच्या, संत तुकारामनगरसारख्या वसाहतीही पिंपरीत उभ्या राहिल्या. किर्लोस्करवाडीचा धागा येथे सरकारच्या हाती आलेला दिसतो. त्याचा शेवट काय झाला हेही नोंदवायला हवे. कंपनी डबघाईला आली, पगार थकले, आणि २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची देणी भागवण्यासाठी अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय घेतला. नोकरीला बांधलेले घर नोकरीबरोबर थकते, मग मालक सरकार असो वा सावकार.

'प्राधिकरणात राहतो'

१९६०च्या दशकात चित्र बदलले. १९६१ च्या अधिनियमानुसार १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या जमिनींवर कारखान्यांची रांग उभी राहिली. टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान उद्योग. १९७० साली या चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका.

१९७२ हे वर्ष दुष्काळाचे. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून माणसे या पट्ट्यात येत होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. उद्दिष्ट स्वच्छ होते : या उद्योगनगरीत येणाऱ्या कामगारांना परवडणारी घरे आणि भूखंड उपलब्ध करून देणे. त्यासाठी आसपासच्या गावांतील शेतजमिनी संपादित केल्या गेल्या. १९३३ च्या दुरुस्तीतील तर्क येथे मोठ्या प्रमाणावर अमलात येत होता. जमीन शेतकऱ्याची, कारण कामगाराच्या घराचे.

पुढे काय झाले हे एका शब्दप्रयोगातून कळते. पिंपरी-चिंचवडमध्ये कोणी 'आम्ही प्राधिकरणात राहतो' असे म्हणाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रुंद रस्ते, बंगले, बागा आणि निवृत्त अधिकारी उभे राहतात. निगडीचा तो भाग 'प्राधिकरण' याच नावाने ओळखला जातो. एका सरकारी यंत्रणेचे नाव प्रतिष्ठित वस्तीचे नाव झाले. प्राधिकरणाने कामगारांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल; त्याने गृहयोजना राबवल्या, अनेक कामगारांना त्यांतून घरे मिळालीही. परंतु भूखंड म्हणजे विकता येणारी वस्तू, आणि विकता येणारी वस्तू हळूहळू ऐपतवाल्याकडे सरकते. कारखान्यात कायम झालेला, सोसायटीचे कर्ज मिळू शकणारा कामगार तेथे पोहोचला. हेल्पर, हमाल, बांधकामावरचा बिगारी पोहोचला नाही.

तो राहिला काळेवाडी, थेरगाव, रहाटणी, चिखली अशा ठिकाणी, गुंठेवारीत. शेतकऱ्याने एकरातून एक-दोन गुंठे तोडून साध्या कागदावर विकायचे, घेणाऱ्याने त्यावर विटांच्या चार भिंती घालायच्या. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे ती खरेदी नोंदली जात नसे, आणि काही ठिकाणी तर जमीन कागदोपत्री प्राधिकरणाच्याच मालकीची असे. म्हणजे ज्या जमिनी कामगारांच्या घरांसाठी घेतल्या होत्या, त्यांच्यावरच कामगार अतिक्रमण करून राहिले! २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, तो अशा वस्त्या राज्यभर पसरल्यावर. इकडे ज्यांची जमीन सुरुवातीला गेली, त्यांतील अनेक शेतकऱ्यांना साडेबारा टक्के परताव्यासाठी दशकानुदशके खेटे घालावे लागले. १९९७ साली आणखी गावे महापालिकेत आली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १० लाखांवर होती, २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. २०२१ साली प्राधिकरण विसर्जित झाले. वस्तीचे नाव तेवढे राहिले.

पीक आणि खोल्या

आता चाकण. खेड तालुक्यातील हे गाव इतिहासाला संग्रामदुर्गासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्यासाठी ठाऊक, बाजाराला कांद्यासाठी. १९९०च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने येथे जमीन घेण्यास आरंभ केला, आणि टप्प्याटप्प्याने निघोजे, महाळुंगे, खालुंब्रे, सावरदरी, वराळे, भांबोली, वासुली अशी गावे त्या पट्ट्यात आली. बजाजचा कारखाना आला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, पाठोपाठ महिंद्र.

जमीन घेतली गेली ती १९६१ च्या अधिनियमाच्या बत्तिसाव्या कलमाखाली. शेतकऱ्यांच्या भाषेत 'सातबाऱ्यावर शिक्का पडला'. या कलमाला कामगाराच्या घराचे कारण लागत नाही. औद्योगिक विकास हे कारण पुरेसे असते. महामंडळाच्या आराखड्यांत निवासी भूखंड असतात, हे खरे. पण तेही विकायचे भूखंड, आणि त्यांची गत निगडीहून वेगळी होण्याचे कारण नव्हते. १९३३ मध्ये ज्या घराच्या नावाने जमीन मागावी लागत होती, ते घर साठ-सत्तर वर्षांत कारणांच्या यादीतून गळून पडले.

कामगार मात्र आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आयटीआय झालेली मुले आली. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आली. बहुतेक कंत्राटदारामार्फत आली. त्यांना खोली कोणी दिली? ज्याच्या सातबाऱ्यावर शिक्का पडला होता त्याने.

ही व्यवस्था कशी उभी राहिली हे समजून घेण्याजोगे आहे. मोबदल्याची रक्कम एकदम हाती येते आणि ती फार काळ टिकत नाही, हे प्रत्येक गावाने शेजारच्या गावाकडून शिकलेले असते. काही पैसा गाडीत जातो, काही लग्नात, काही भावकीच्या खटल्यात. गुंठामंत्री म्हणून ज्यांची टवाळी होते ते हेच. ज्याने शहाणपण केले त्याने राहिलेल्या तुकड्यावर दहा खोल्या काढल्या. 'काढल्या' हे क्रियापद आमचे नाही, त्यांचे आहे. मराठीत पीकही काढतात. गावठाणाबाहेरच्या, कागदोपत्री शेतीच्याच असलेल्या जमिनीवर एका ओळीत पत्र्याच्या खोल्या. पैसे साठतील तसा वर स्लॅब. दहा बाय दहाची खोली, समोर अरुंद ओटा, ओळीच्या टोकाला नळ आणि सामाईक संडास, प्रत्येक दाराशी विजेचा सबमीटर. खोलीत चार मुले. कोठे कोठे 'कॉट बेसिस' : एक झोपायला येतो तेव्हा दुसरा पाळीला गेलेला असतो. ग्रामपंचायत आपल्या नमुना आठमध्ये मिळकतीची नोंद करून घरपट्टी घेते. सातबाऱ्यावर मात्र तेथे अजून बाजरी असू शकते.

अशा तऱ्हेने महाराष्ट्रातील एका मोठ्या औद्योगिक पट्ट्यातील कामगारांच्या निवाऱ्याचा मोठा भार कोणत्याही योजनेविना, कोणत्याही अनुदानाविना शेतकऱ्यांनी उचलला. त्यांना नुसते भाडेखाऊ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे विसरू नये. भाडे परवडते म्हणूनच तो मुलगा महिन्याअखेर गावाकडे पैसे धाडू शकतो. दुसरीकडे त्या चौघांना खिडकी, पाणी, एकांत, करारपत्र यांपैकी काय मिळते, हेही विसरू नये.

सरकारी योजना या खोल्यांपर्यंत का पोहोचल्या नाहीत? त्याचे कारण नकाशात आहे. २०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या ४१ हजारांवर होती आणि तरीही तेथे ग्रामपंचायतच होती. नगरपरिषद झाली २०१५ साली. आसपासची गावे तर ग्रामपंचायतीच राहिल्या. २००५ च्या नागरी पुनरुत्थान अभियानातून चिखलीला घरकुल प्रकल्प उभा राहिला, तो महापालिकेच्या हद्दीतील रहिवाशांसाठी. ग्रामीण भागासाठी असलेली योजना, पूर्वीची इंदिरा आवास आणि २०१६ नंतरची प्रधानमंत्री आवास ग्रामीण, ज्याचे नाव त्या गावच्या यादीत आहे त्याला किमान २५ चौरस मीटरचे घर बांधायला १ लाख २० हजार रुपये देते. परभणीच्या मुलाचे नाव असलेच तर त्याच्या गावच्या यादीत. शहराच्या लेखी तो खेड्यात राहतो. खेड्याच्या लेखी तो त्या गावचा नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर निवासाची जबाबदारी टाकली होती. पण परभणी-बीड ही परराज्ये नव्हेत. तो कायदाही पुढे २०२० च्या संहितेत विलीन झाला.

रूमवर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि ही सारी न बोललेली व्यवस्था उघडी पडली. पाळ्या बंद झाल्या तेव्हा चौघे एकाच वेळी खोलीत होते. खोली कधीच चौघांसाठी नव्हती. ती पाळीच्या हिशोबावर उभी होती. २९ मार्चच्या आदेशाने केंद्रीय गृह मंत्रालयाने घरमालकांना बजावले की स्थलांतरित कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये. आदेश योग्यच होता. परंतु कारखान्याने न बांधलेल्या, सरकारने न बांधलेल्या खोलीचे भाडे सोडण्याची पाळी आली ती ज्याचे आता शेत नव्हते त्यावर. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या आणि ओळींना कुलपे लागली.

त्याच जुलैमध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाडेघरांची योजना जाहीर केली. स्वातंत्र्यानंतरच्या गृहनीतीचा सारा भर मालकीच्या घरावर राहिला. स्थलांतरिताला भाड्याचे घर हवे असते, हे निदान मान्य झाले. योजनेची दोन प्रारूपे होती. एक, शहरांत रिकामी पडलेली सरकारी घरे भाड्याने द्यावीत. दुसरे, खाजगी वा सार्वजनिक संस्थांनी आपल्या मोकळ्या जागेवर भाड्याची संकुले बांधावीत. ज्याने अगोदरच दहा खोल्या काढल्या आहेत, आणि ज्याला थोडे कर्ज, थोडे तांत्रिक साहाय्य व कागदोपत्री मान्यता मिळाली तर त्या खोल्यांना खिडकी, पाणी, संडास देता येईल, असा माणूस दोन्ही प्रारूपांत नव्हता. आमचे म्हणणे असे की, चाकणपुरती तरी सुरुवात तेथूनच व्हायला हवी. आहे ती खोली मान्य करा, तिचा दर्जा ठरवा, तो गाठायला मालकाला मदत करा, मोबदल्यात भाडेकरूला लेखी करार द्या. आणि ज्या कारखान्यांच्या पाळ्या या खोल्यांवर चालतात, त्यांच्याकडून या कामासाठी वाटा घ्या. उपाहारगृह जर कायद्याने कारखान्याची जबाबदारी ठरते, तर झोपेची जागा पूर्णपणे परकी कशी ठरावी?

यावर कोणी म्हणेल की मान्यता दिली तर भाडे वाढेल आणि गरीब मुलगा आणखी दूर ढकलला जाईल. ही भीती खोटी नाही. निगडीचा अनुभव तेच सांगतो. पण निगडीत विकता येणारा भूखंड दिला गेला होता. येथे विक्रीचा प्रश्न नाही, भाड्याचा आहे, आणि साहाय्य भाड्याच्या मर्यादेशी जोडता येते.

आता साहित्याविषयी. गिरणगावच्या चाळीला मराठीत कथा, कविता, नाटक सारे मिळाले. त्याचे एक कारण असे की चाळीत बिऱ्हाडे होती. बिऱ्हाड म्हटले की बाईमाणूस आले, मुले आली, भांडणे आली, गणपती आला. एका खोलीत का होईना, तेथे संसार होता. चाकणच्या खोलीत बिऱ्हाड क्वचित असते. चार मुले असतात आणि भिंतीला चार पिशव्या टांगलेल्या असतात. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याची शोकांतिका 'मुळशी पॅटर्न'ने २०१८ साली पडद्यावर आणली. त्याच्या ओळीत राहणाऱ्या भाडेकरूची कहाणी अशी ठळकपणे आमच्यासमोर अजून आलेली नाही.

ती सांगण्याची सामग्री भाषेतच पडून आहे. ही मुले आपल्या निवाऱ्याला काय म्हणतात ते ऐकावे. 'घरी जातो' म्हणजे गावाकडे, दिवाळीला. इथे ती 'रूमवर' जातात. मराठीत आपण घरी जातो, घरात असतो. 'वर' जातो ते कामावर, शेतावर, पाळीवर. चौघांनी मिळून भाडे भरलेल्या त्या जागेला त्यांनी नकळत कामाच्या जागेचा प्रत्यय लावला आहे.

चाकण, राजगुरुनगर, आकुर्डी, निगडी येथील महाविद्यालयांत शिकवणारे काही मित्र हे लेखन वाचतात. त्यांच्या वर्गात आज एका बाकावर खोल्या काढणाऱ्याचा मुलगा बसतो आणि मागच्या बाकावर, रात्रपाळी करून आलेला, त्याच्याच ओळीतला भाडेकरू. एकाच्या घरात जमीन कशी गेली याच्या आठवणी आहेत, दुसऱ्याच्या घरात पाऊस का पडला नाही याच्या. दोघेही आपापल्या शेतापासून सुटून त्या ओळीपाशी आलेले आहेत. निबंधाला 'माझे गाव' हा विषय आपण वर्षानुवर्षे देत आलो. यंदा या दोघांना 'रूम' हा विषय द्यावा, आणि जे लिहून येईल ते जपून ठेवावे, अशी आमची विनंती आहे. या पट्ट्याचा इतिहास पुढे ज्यांना लिहायचा आहे, त्यांना सातबारा आणि नमुना आठ मिळतील. हे कागद मात्र आपण आज ठेवले तरच मिळतील.